दीड महिन्याच्या लशीबरोबर कानही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नातवाला ऐकू येत नाही, हे तो दोन वर्षं चार महिन्यांचा होईपर्यंत घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. यातला मोठा वाटा माझाच. तो पाच महिन्यांचा असताना मी पाळण्यामागे उभी राहून ताटावर पळी आपटली आणि त्याने मान वळवली. झालं, कान शाबूत असल्याचा निकाल मी देऊन टाकला. तो माझ्या हलत्या सावलीकडे वळला असणार, हे आता कळतं. पुढे बोलेना, तेव्हा "याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?" म्हणत जिभेला वेखंड लावत राहिले. बहिरं बाळही पहिले काही महिने चारचौघांसारखंच हुंकारतं, हे ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञाने, सांगेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं.

माझं जाऊ द्या, मी अडाणी. पण पोर दिवस भरायच्या आत झालं, वर कावीळ, नऊ दिवस काचेच्या पेटीत. अशा बाळांच्या कानाला धोका जास्त असतो. डिस्चार्ज कार्डावर वजन, बिलिरुबिन, लशींच्या तारखा, सगळं होतं. कानाबद्दल ओळ नाही.

चाचणी म्हणाल तर साधी. तिला ओएई म्हणतात. तीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून बारीक टिकटिक सोडतात. आतल्या पेशी धड असतील तर हलका प्रतिध्वनी उलट येतो, तो यंत्र टिपतं. ना सुई, ना रडारड, मिनिटांचं काम. पेटीत राहिलेल्या बाळाची मात्र बेराही, म्हणजे कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची चाचणीही, करावी लागते, कारण पेशी ठीक पण पुढची नस कामचुकार असेल तर ओएईला ते कळत नाही. जन्मल्या जन्मल्या केलेली चाचणी कानातल्या ओलाव्यानेही 'रेफर' दाखवते. म्हणजे बाळ बहिरं असं नव्हे, पुन्हा तपासायचं. घोडं अडतं ते इथेच. बाळंतीण माहेरी जाते, ती दुसरी खेप राहून जाते.

महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत पक्कं निदान, सहा महिन्यांत कानाचं मशीन आणि बोलायला शिकवणारी थेरपी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. आमचं निदानच अठ्ठाविसाव्या महिन्यात.

मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येऊन बाळ पाहतात, पण त्यांच्या पिशवीत यंत्र नसतं. माझी मागणी एवढीच : दीड महिन्याच्या लशीला बहुतेक बाळं येतातच. त्या दिवशी निदान ग्रामीण रुग्णालयात तरी ओएई व्हावी आणि लशीच्या कार्डावर तिचा चौकोन असावा. चौकोन रिकामा दिसला की सिस्टर आपणहून विचारतील. खासगी दवाखान्यांनाही तेच कार्ड भरायला लावा.

कॉक्लियर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राला, केंद्राच्या अपंगांसाठीच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण शस्त्रक्रियेनंतरच्या वायरी, बॅटऱ्या आणि वर्षानुवर्षांच्या थेरपीचा खर्च घराचं कंबरडं मोडतो. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

नातवाचं इम्प्लांट तिसऱ्या वर्षी झालं. आता मी मिक्सर लावला की तो कानावरचं मशीन काढून खिशात टाकतो आणि माझ्याकडे रागाने बघतो. वाक्यं अजून तोडकीच आहेत.

शेजारच्या सुनेचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. तिच्या दवाखान्याच्या पिशवीत, फायलीच्या वरच, मी चिठ्ठी ठेवली आहे : 'ओएई मागणे. पेटीत ठेवलं तर बेरासुद्धा.'

आपली,
एक आजी, कराड