'एक शून्य शून्य'ला विसरलात?

संपादक साहेब,

कालच्या पुरवणीत 'सीआयडी' मालिका करणाऱ्या बी. पी. सिंग यांच्यावरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अहो, अख्ख्या लेखात 'एक शून्य शून्य'चं नाव नाही! मराठी पेपर, मराठी वाचक, आणि सीआयडीच्या कितीतरी आधी ह्याच माणसाने दूरदर्शनवर शिवाजी साटमांना घेऊन जी मराठी पोलीस मालिका केली तिचा साधा उल्लेख नाही. दया दरवाजा तोडतो, त्यावर मात्र दोन परिच्छेद.

माझे वडील हवालदार होते. ड्युटीवरून आले की युनिफॉर्मची वरची दोन बटणं सोडून तसेच टीव्हीसमोर बसायचे, आई चहा घेऊन उभी असली तरी लक्ष नाही. सिनेमातला पोलीस दिसला की चिडून उठून जाणारा माणूस, पण ही मालिका शेवटपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "हा चौकीत बसून आलेला दिसतोय." सिंग दूरदर्शनला बातम्यांचे कॅमेरामन होते हे आम्हाला फार नंतर कळलं, आणि ते कळल्यावर वडिलांचं बोलणं पटलं. लेखात हे यायला नको होतं का?

सीआयडीचा 2004 चा 111 मिनिटांचा एका शॉटमधला एपिसोड तुम्ही 'विक्रम' म्हणून एका ओळीत उरकलात. शंभराव्या मिनिटाला कोणी डायलॉग विसरला तर सगळं पहिल्यापासून, माईकवाले लाइटवाले कॅमेऱ्यामागे पळतायत आणि फ्रेममध्ये त्यांची सावलीसुद्धा पडता कामा नये, केवढं काम आहे ते! हा माणूस पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमॅटोग्राफी शिकलेला, 2018 मध्ये त्याच संस्थेचा अध्यक्ष झाला, तेही लेखात नाही. 1998 पासून वीस वर्षं तेच तिघं-चौघं कलाकार सांभाळून सीआयडी चालवली, आणि त्यातले आपले दिनेश फडणीस, म्हणजे फ्रेडरिक्स, 2023 मध्ये गेले, त्यांच्यासाठीही एक ओळ मिळाली नाही तुम्हाला. फोटो मात्र चार कॉलमी.

आणि लिहायला बसलोच आहे तर हेही सांगतो, तुमच्या पेपरात सह्याद्रीचे कार्यक्रम छापून यायचे ते का बंद केलेत? आईला मोबाईलवर बघता येत नाही, ती रोज सकाळी पेपर उघडून तेच पान शोधते आणि मला विचारते. ते परत चालू करा, आणि सिंग यांच्या मराठी कामावर एक नीट लेख येऊ द्या.

आपला,
एक जुना वाचक, सातारा