बाबा, त्या २५३ जणांबद्दल

पुणे,
१४ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा "हो हो, बघू" म्हणतात, मागे टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज चढतो, मग फोन आईकडे जातो. आई रडते आणि मग मीही. म्हणून लिहायला बसले. बाबा, बँकेत तुम्ही एकही व्हाउचर दोनदा वाचल्याशिवाय सही केलं नाहीत. हेही दोनदा वाचा. लाल पेन घेऊन बसलात तरी चालेल.

डॉक्टर म्हणतात आधी केमो, मग ऑपरेशन, आणि त्यावर तुमचं म्हणणं दादाने मला शब्दन् शब्द सांगितलं. "घरात साप दिसलाय, कुठे बसलाय तेही दिसतंय, आणि हे म्हणतात आधी दोन महिने धूप घाला." वाक्य झकास आहे. कॅन्सरची गाठ जठरात आहे, सीटीत यकृत-फुप्फुस स्वच्छ आहे, पोटात दुर्बीण घालून बघितलं तेव्हा पोटाच्या आतल्या अस्तरावरही काही पसरलेलं नव्हतं. मग आजच का कापत नाहीत, हा प्रश्न कुणालाही पडेल. इंदूरच्या आपल्या रामबागेतल्या शेजाऱ्यांनाही पडलाय म्हणे. "भिया, कीमो के चक्कर में मत पड़ना, सीधे ऑपरेशन करवा लो." सल्ला द्यायला त्यांचं काय जातंय!

पण बाबा, तुम्ही मागताय तो रस्ता तपासून झालाय. मुख्यतः ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली, तिचं नाव मॅजिक. (नावावर जाऊ नका, संशोधकांना आद्याक्षरं जुळवून अशी नावं पाडायचा शौकच असतो.) तुमच्यासारखे, ऑपरेशन करता येईल असे ५०३ रुग्ण. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. २५० जणांना आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो. उरलेल्या २५३ जणांचं थेट ऑपरेशन. २००६ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनंतर नुसत्या ऑपरेशनवाल्यांपैकी शंभरात अंदाजे २३ हयात होते, आणि केमोवाल्यांपैकी ३६.

मला माहीत आहे, तुम्ही पुढचा प्रश्न काय विचाराल. "आणि उरलेले चौसष्ट?" ते गेले, बाबा. मी ते लपवणार नाही. हा आजार वाईटच आहे. पण तेवीस आणि छत्तीस यांत तेरा माणसांचा फरक आहे, आणि ती तेरा माणसं कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्या २५३ जणांनीही तुमच्यासारखाच विचार केला असता, "काढलं, सुटलो." त्यांचा हिशेब लिहून ठेवलाय म्हणून तर आज तुम्हाला तुमचे डॉक्टर दुसरा रस्ता सांगू शकतात.

यात एक गंमत आहे, ती तुम्हाला आवडेल. ज्यांचं नाव केमोच्या यादीत निघालं त्यातले बरेच जण मध्येच थांबले. सगळ्या सहा केमो पूर्ण करणारे निम्म्याहूनही कमी होते. तरी त्या सगळ्यांचा जमाखर्च केमोच्याच खात्यात मांडला. जे टिकले तेवढेच मोजू, अशी सोय ठेवली नाही. तुम्ही म्हणायचात ना, बुडीत खातं वहीतून फाडून टाकलं की ताळेबंद सुंदरच दिसणार! तसं इथे करता येत नाही. गळालेले, घाबरलेले, सोडून गेलेले धरूनही छत्तीस.

ते औषध आता जुनं झालं. तुमच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय ते 'फ्लॉट', चार औषधांची आद्याक्षरं. जर्मनीतल्या ३८ रुग्णालयांत ७१६ रुग्णांवर याची तुलना त्या मॅजिकवाल्या जुन्या पद्धतीशी केली आणि २०१९ मध्ये निकाल आला. रुग्णांना ओळीने उभं केलं तर बरोबर मधला माणूस जुन्या पद्धतीत ३५ महिने जगला, नव्या पद्धतीत ५०. पाच वर्षांना शंभरात ३६ च्या जागी ४५. त्यात सत्तरी ओलांडलेलेही होते, तेव्हा "माझं वय झालं" हे कारण चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा, आधीच का? फ्लॉटच्या त्या चाचणीत ऑपरेशनच्या आधीच्या चार केमो दहातल्या नऊ जणांनी पूर्ण केल्या. पण ऑपरेशननंतरच्या धरून सगळ्या आठ पूर्ण करणारे पुन्हा निम्म्याहून कमीच निघाले. जठर काढल्यावर माणूस खातो किती, वजन उतरतं किती, अशात ही औषधं शरीर सोसत नाही. म्हणजे नंतर घेऊ म्हणणारे बरेच जण नंतर घेऊच शकत नाहीत. उधारीचं तुम्हाला मी काय सांगू! अंगात ताकद आहे तोवर वसूल करून घ्यायची. शिवाय सीटीत न दिसणारे कण रक्तात कुठे फिरत असतील तर चाकू तिथे पोचत नाही, औषध पोचतं. तुमचा साप एकटा असता तर गोष्ट वेगळी. भीती त्याच्या पिलांची आहे.

विनूमामा म्हणाला, सोबत सिकाईही, म्हणजे रेडिएशनही, करून टाका, डबल काम होईल. तेही बघून झालं. ५७४ रुग्ण, निकाल २०२४ चा. ऑपरेशनआधी सिकाई जोडली तर काढलेल्या जठरात गाठ पार विरघळून गेलेले रुग्ण जास्त सापडले, पण आयुष्य काही वाढलं नाही. मामाला सांगा, गाठीचं माप आणि माणसाचं माप वेगळं.

माझ्या कामाबद्दल तुम्ही कधी विचारलं नाहीत. "काँप्युटरवर काहीतरी" एवढंच आई सगळ्यांना सांगते. मी अशाच चाचण्यांची माहिती तपासते. आमच्या तक्त्यात एक रकाना असतो, शेवटच्या संपर्काची तारीख. दर तीन महिन्यांनी रुग्णालयातून कुणीतरी घरी फोन लावतं आणि विचारतं, कसे आहेत? बऱ्याचदा बायको किंवा मुलगा फोन उचलतो. कधी पलीकडून काही वेळ आवाजच येत नाही. मग त्या रकान्यात तारीख पडते आणि शेजारच्या रकान्यात एकाचा शून्य किंवा शून्याचा एक होतो. वर्षांनंतर छापून येणारा आलेख जिन्यासारखा पायरी-पायरीने उतरतो, आणि त्याची प्रत्येक पायरी म्हणजे असा एक फोन. बारा वर्षं मी त्या पायऱ्या मोजते आहे. कधी नाव कळत नाही, नुसता क्रमांक असतो. तुमचा रिपोर्ट आला त्या रात्री पहिल्यांदा मला त्या जिन्यावर उभं राहून खाली बघितल्यासारखं झालं.

आणि तुमचा खरा राग मला ठाऊक आहे. "आपल्यावर कुणी प्रयोग करायचे नाहीत." कपाटात तुम्ही जपून ठेवलेली ती कात्रणं मी लहानपणाच्या फोटोंपेक्षा जास्त वेळा पाहिली आहेत. इंदूरमध्ये रुग्णांना नीट न सांगता औषधांच्या चाचण्या केल्याचे आरोप झाले तेव्हा अख्खं शहर पेटलं होतं, आणि मी तर याच धंद्यात, मला घरी यायची लाज वाटायची. पण त्याच इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयाने सरकारला धारेवर धरलं आणि नियम कडक झाले. नुकसानभरपाईची तरतूद आली. नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बळ रुग्णाची संमती व्हिडिओवर घेणं आलं. २०१९ मध्ये नवी नियमावली आली. आमच्या ऑफिसात आज जे पन्नास कागद भरावे लागतात त्यातले निम्मे तुमच्या शहराच्या रागातून आलेले आहेत. कंटाळा येतो भरताना, पण भरते.

तर ऐका. तुम्हाला सांगितलेला उपचार ही चाचणी नाही, चाचणी होऊन सिद्ध झालेली पद्धत आहे. उद्या कुणी चाचणीत या म्हणालंच, तर तुम्हाला कळेल अशा भाषेत कागद द्यावा लागतो, "नाही" म्हणायची मुभा असते, मधूनच बाहेर पडायचीही, आणि त्यापायी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. भारतात चाललेल्या चाचण्यांची सरकारी नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, ती यादी कुणालाही उघडून बघता येते. मी बघून देईन.

आई, आता तू. तुझ्या फोडणीने, तुझ्या ठेच्याने हे झालेलं नाही. शपथ घेऊन सांगते. जठराच्या कॅन्सरमागचं मोठं कारण एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि वर्षानुवर्षं आतून दाह करत राहतो. ऑस्ट्रेलियातल्या वॉरेन आणि मार्शल या डॉक्टरांनी तो शोधला. कुणी विश्वास ठेवेना तेव्हा मार्शलने चक्क जंतूंचा रस्सा पिऊन स्वतःचं पोट बिघडवून दाखवलं! २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फार खारवलेलं आणि तंबाखू यांचाही हात असतो, आणि बाबांची तंबाखू बंद करायला तू पस्तीस वर्षं भांडलीस. तेव्हा रडायचं बंद. मी आणि दादा दोघंही त्या जंतूची तपासणी करून घेतोय.

तू "मुळासकट सगळं काढा म्हणावं" म्हणतेस. जठराभोवतीच्या गाठी, डॉक्टर ज्यांना 'नोड' म्हणतात, त्या कुठवर काढायच्या यावर जगाने वीसेक वर्षं वाद घातलाय. हॉलंडमध्ये जास्त खोलवर काढलेल्या रुग्णांपैकी रुग्णालयातच दगावलेले दहा टक्के होते, आणि कमी काढलेल्यांत चार टक्के. तेव्हा सगळे म्हणाले, नको बाबा. पण पंधरा वर्षं वाट पाहिल्यावर दिसलं की खोलवर काढलेल्यांमध्ये कॅन्सरने जाणारे कमी. मग जपानने आणखी पुढे जाऊन महारोहिणीजवळच्या गाठीही काढून पाहिल्या, ५२३ रुग्ण, आणि काडीचा फायदा झाला नाही. म्हणजे एका हद्दीपर्यंत, आणि सराईत हाताने. म्हणून मी सर्जनला एकच प्रश्न विचारणार आहे, वर्षाला अशी किती करता? काकांच्या ओळखीचं नर्सिंग होम कितीही घरचं असलं तरी हे तिथे करायचं नाही. काकांचं मन मी सांभाळेन.

पहिली केमो शुक्रवारी. दर पंधरा दिवसांनी एक, अशा चार झाल्या की जानेवारी लागेल, मग शरीराला थोडी उसंत, म्हणजे ऑपरेशन संक्रांत होऊन गेल्यावर. छातीवर कातडीखाली एक छोटी डबी बसवतील, तिला पोर्ट म्हणतात. एक औषध चोवीस तास थेंबथेंब जात राहतं. केस जातील. बाबा, तुमचे आहेत किती!

पण गाराचं लक्षात ठेवा. ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध आहे, त्यानंतर काही दिवस थंड काही सोसत नाही. फ्रिजचं दार उघडलं, स्टीलचा गार गडवा धरला, की बोटांना करंट लागल्यासारख्या मुंग्या येतात. गार पाणी प्यालं की घसा आवळल्यासारखा होतो, माणूस घाबरतो. तो घसा बंद होत नसतो, थोड्या वेळात जातं. म्हणून सराफ्यातली शिकंजी बंद, पाणी कोमट, आणि पहाटेचं दूध आणायला आई जाईल, तुम्ही नाही. नळाला हात लावण्याआधी हातमोजे. गराडू कंदाचे घरी गरम तळलेले दोन तुकडे चालतील, मी डॉक्टरांना विचारलंय. ठेल्यावरचे नाहीत.

दुसरं याहून महत्त्वाचं. पांढऱ्या पेशी उतरतात. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय. आई, हा आकडा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव आणि थर्मामीटर बदल, आपला तो पाऱ्याचा १९९० सालचा असेल.

ऑपरेशननंतरचं जेवण, सहा वेळा थोडं थोडं, बी-बाराची इंजेक्शनं, जिलबी खाल्ली की दरदरून घाम फुटणं, ते सगळं तेव्हा बघू. पोहे सुटणार नाहीत एवढं आत्ता सांगते.

निर्णय तुमचाच, बाबा. वाचून झाल्यावरही नको वाटलं तर मी भांडणार नाही, पण कारण मला तोंडावर सांगायचं. दादामार्फत नाही.

मी बुधवारच्या रात्री निघते, गुरुवारी सकाळी पोचेन. स्टेशनवर घ्यायला यायचं नाही, रिक्षा मला करता येते. रिपोर्टची फाइल तेवढी बँकेच्या पासबुकांखालून काढून ठेवा, मागच्या वेळी अर्धा तास शोधत होतो. आणि आई, बाबांचे ते तपकिरी लोकरी हातमोजे ट्रंकेत आहेत, वरच्या नाही, खालच्या. ऊन दाखव त्यांना.

तुमची,
मंजू