ट्रॅकवर न्यायच्या गाडीचे आधी ब्रेक बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतलं स्पोर्ट्स कारवरचं पान वाचलं. फोटो खूप छान होते पण सगळं लिखाण शून्य ते शंभर किती सेकंदात आणि हॉर्सपॉवर किती यातच संपलं, आणि शेवटी सल्ला काय तर गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर आधी ईसीयू रीमॅप करा (म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून पॉवर वाढवा) आणि मोकळा एक्झॉस्ट बसवा. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण सात महिन्यांपूर्वी मी नवी गाडी घेतली तेव्हा माझ्या वहीतही याच दोन गोष्टी सगळ्यात वर होत्या आणि ब्रेक पार तळाला, "नंतर बघू" असं लिहून.

गाडी म्हणजे दोन दरवाजांची, इंजिन पुढे, पॉवर मागच्या चाकांना, मॅन्युअल गिअर, वजन साधारण १३०० किलो. पंधरा वर्षं मनात होती. पहिले दीड हजार किलोमीटर मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे जपून चालवली, आरपीएम चढवले नाहीत, पहिली सर्व्हिस झाली, इंजिन ऑइल बदललं आणि मग पहिला ट्रॅक डे, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस. गाडी कंपनीतून आली तशीच होती, काही बदललं नव्हतं.

तिसऱ्या सेशनची चौथी लॅप. लांब सरळ पट्टा संपत आला, काटा १८० वर, नेहमीच्या बोर्डापाशी ब्रेक दाबला आणि पेडल पायाखालून खाली गेलं. म्हणजे लागलंच नाही असं नाही, पण ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं, मऊ, आणि जवळजवळ फ्लोअरपर्यंत. शेजारी कोच बसले होते, आवाज न चढवता म्हणाले, "पंप करा, पंप करा, गिअर खाली घ्या." दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं प्रेशर आलं, गाडी बाहेरच्या मोकळ्या जागेत गेली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही. पिटमध्ये आल्यावर पुढच्या चाकांतून जळका वास येत होता आणि हँडब्रेक ओढायला हात गेला तर कोचनी तो धरला. एवढ्या तापलेल्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) पॅड (तिला घासून थांबवणारे) आवळून ठेवायचे नसतात, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला ठोकळा लावायचा, हे तेव्हा कळलं. गार झाल्यावर मेकॅनिकने कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपलला पारदर्शक नळी लावून हवा काढली तेव्हा त्या नळीतून बारीक बारीक बुडबुडे सरकत येताना मी स्वतः पाहिले. तेवढ्या बुडबुड्यांनी माझे ब्रेक गेले होते.

असं का होतं ते मी नंतर समजून घेतलं आणि ते अजिबात अवघड नाही. १३०० किलोची गाडी १८० वरून ९० वर आणली की साधारण बारा लाख ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे चार लिटर साध्या पाण्याला उकळी येईल एवढी, आणि ती तीन-साडेतीन सेकंदांत, त्यातली बहुतेक पुढच्या दोन डिस्कमध्ये. दर लॅपला असं चार-पाच वेळा. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. आपण सगळे ऑइल म्हणतो पण डॉट ३, डॉट ४ हे खरं तर ग्लायकॉलवर आधारित द्रव असतात, हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतात आणि ओलावा आत गेला की लवकर उकळतात. डॉट ४ साठी नियम असा की कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस हवा आणि ओलावा शोषलेल्या अवस्थेत किमान १५५, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल खाली जातं. गाडी नवीकोरी असली तरी आतलं ऑइल रस्त्याच्या हिशोबाने भरलेलं असतं, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. आणि हो, नुसतं डॉट ५ लिहिलेला डबा उचलू नका, ते सिलिकॉनचं असतं, या बाकीच्यांत मिसळत नाही.

आता रीमॅपचं बघा. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग १० टक्के जास्त मिळाला की गाडीतली ऊर्जा २१ टक्के वाढली. म्हणजे पॉवर वाढवून आपण आधीच कमी पडणाऱ्या ब्रेकवर अजून भार टाकतो, शिवाय इंजिन ऑइल आणि कूलंट जास्त तापतं ते वेगळंच. हे मला फार कळकळीने सांगायचंय, कारण नवी गाडी घेतलेली कितीतरी तरुण मुलं तुमचं पान वाचून थेट ट्यूनिंगवाल्याकडे जाणार.

मी काय केलं ते सांगते. हजार गोष्टी नाही केल्या. जास्त उत्कलनबिंदूचं ब्रेक ऑइल भरलं, ट्रॅकचे पॅड घेतले आणि ते नीट बसवून घेतले, म्हणजे मोकळ्या जागी ठरावीक वेगावरून पुन्हा पुन्हा ब्रेक लावून डिस्कवर पॅडचा एकसारखा थर येऊ दिला, मग पूर्ण न थांबता गार होऊ दिले. हे पॅड थंड असताना कमी धरतात आणि आवाज करतात, त्यामुळे रोजच्या वापराला मी जुनेच पॅड परत लावते, कंटाळवाणं काम आहे पण करते. मोठं ब्रेक किट अजून घेतलेलं नाही. मोठ्या कॅलिपरने गाडी कमी अंतरात थांबते असा समज आहे, पण एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होण्यापर्यंत ब्रेक लागत असतील तर पुढचं काम टायरचं असतं, मोठ्या किटचा फायदा उष्णता सोसण्यात आहे आणि तेवढी उष्णता मी अजून काढतच नाही.

टायरचं तर मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. सकाळी ३२ पीएसआय भरलेले टायर सेशन संपवून आले तर ४० दाखवत होते. तेव्हापासून हवा मी गरम टायरवर मोजून सोडते आणि परत निघताना पुन्हा भरते. कोचनी एक साधी गोष्ट शिकवली, टायरच्या कडेला खडूने रेघ मारायची, ट्रेडपासून खाली साइडवॉलपर्यंत, आणि परत आल्यावर बघायचं की खडू कुठवर पुसला गेलाय. माझा साइडवॉलवर बराच खाली पुसला गेला होता आणि पुढच्या टायरची बाहेरची कड खरवडल्यासारखी झाली होती, आतली जवळजवळ नवी. याचं कारण कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल, वरची कड आत असली की निगेटिव्ह. रस्त्यावरच्या गाडीला निगेटिव्ह कॅम्बर फार थोडा दिलेला असतो, वळणात गाडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. आता पुढे कॅम्बर प्लेट बसवून अडीच अंश निगेटिव्ह घेतलाय, टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर रोख) जवळपास शून्य, आणि गाडी वळणात जी काही बसते ना, एक्झॉस्टने हे कधीच मिळालं नसतं.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात. लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला ढकललं जातं आणि पंपाला क्षणभर हवा मिळू शकते, म्हणून डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भरून निघते आणि ऑइल टेम्परेचरचा मीटर लावलाय. तापमान चढलं की एक लॅप सावकाश.

हार्नेसबद्दल (रेसच्या सीटबेल्टबद्दल) मात्र कृपया जबाबदारीने छापा. फोटोत कंपनीच्या साध्या सीटवर चार पट्ट्यांचा हार्नेस दाखवलाय, रोल बार (गाडी उलटली तर छप्पर पेलणारी पोलादी कमान) नाही. तो हार्नेस माणसाला सरळ उभं जखडून ठेवतो, गाडी उलटली आणि छप्पर दबलं तर खाली सरकायला जागाच नाही, आणि साध्या सीटमध्ये दोन मांड्यांमधून येणारा पट्टा नसल्यामुळे शरीर खालून घसरू शकतं. रोल बार, बकेट सीट, हार्नेस आणि मानेसाठी हान्स (हेल्मेटला बांधून धक्क्यात डोकं पुढे झटकू न देणारं साधन), हे सगळं एकत्रच घ्यायचं, नाहीतर कंपनीचा तीन टोकांचा बेल्टच बरा. हान्स फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचं आहे. हेल्मेट मोटरसायकलचं चालेल असं बरेच जण समजतात, पण कारसाठीच्या एसए (कार रेसिंगचं मानांकन) हेल्मेटची आगीची आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी चाचणी होते.

वॉरंटी आणि इन्शुरन्सचे कागदही आधी वाचा, बहुतेक पॉलिसींत ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत. मी ते गाडी घेतल्यावर वाचलं, आधी वाचायला हवं होतं.

आणि कोच. रीमॅपसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी कोचच्या चार दिवसांवर घातले. नजर पुढच्या वळणावर ठेवायची, ब्रेक एकदम न सोडता वळणात शिरताना हळूहळू सोडत न्यायचा, एवढ्यावर माझी लॅप चार सेकंदांनी कमी झाली, इंजिनाला हात न लावता. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ ला जेमतेम ११५ हॉर्सपॉवर होती आणि वजन हजार किलोच्या आत, आणि आजही ट्रॅकवर शिकायला लोक ती शोधून घेतात, यातच काय ते आलं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी स्पोर्ट्स कारवर लिहाल तेव्हा हॉर्सपॉवरच्या शेजारी एक छोटी चौकट द्या, गाडीचं वजन किती, डिस्क केवढ्या, ब्रेक ऑइल कुठल्या ग्रेडचं, ऑइल कूलर आहे की नाही, आणि सलग पाच लॅप जोरात मारल्यावर पेडल कसं लागतं. शेवटचं कागदावर मिळत नाही, त्यासाठी तुमच्या माणसाला गाडी ट्रॅकवर न्यावी लागेल, पण तेवढं कराच.

आपली,
एक नियमित वाचक