प्रसिद्धी कलेची की सरकारची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियन संस्कृतीच्या परदेशातील प्रसारासाठी प्रसिद्धीतंत्र आणि वृत्तपत्रांशी असलेले लागेबांधे वापरले जातात, अशी टीका होते तेव्हा ही चाल जणू आजच्या क्रेमलिनलाच सुचली, असा सूर असतो. वस्तुतः रशियन कलासंयोजक सर्गेई दियागिलेव यांची बॅले मंडळी १९१६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तेव्हाच हे तंत्र चांगले मुरलेले होते. प्रसिद्धीचे काम एडवर्ड बर्नेस या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे होते. त्याला स्वतःला बॅलेत रस नव्हता. तसा तो सामान्य अमेरिकी वाचकालाही नसणार हे ओळखून त्याने नृत्यसमीक्षेवर भिस्त न ठेवता पोशाख, रंगसंगती, नर्तकांचे आयुष्य असे विषय नियतकालिकांना पुरवले. नेपथ्यावर बेतलेली कापडे त्याने उत्पादकांकडून बाजारात आणवली. एका महिला मासिकाने नर्तकींचे घागरे गुडघ्यांच्या वर जातात म्हणून छायाचित्रांना हरकत घेतली, तेव्हा ते घागरे चित्रकारांकरवी रंगवून लांब करण्यात आले!

हा खटाटोप मला खटकत नाही, कारण अखेरीस प्रेक्षक तिकीट काढून प्रत्यक्ष नृत्य पाहत होता आणि ते डोक्यावर घ्यायचे की नाही हे त्याचे तोच ठरवत होता. शिवाय १९०९ मध्येच झारच्या दरबाराने दियागिलेव यांचे अनुदान काढून घेतले होते आणि त्यांच्या या मंडळीचा रशियात एकही प्रयोग कधी झाला नाही.

सरकारी पैसा आला की सारे बिघडते, असेही मात्र मी म्हणणार नाही. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तके सोव्हिएत सरकारच्याच खर्चाने निघत आणि त्यामागचा राजकीय हेतू लपलेला नव्हता; तरी लोकवाङ्मय गृहाकडे अल्प किमतीत मिळणारी ती पुस्तके घरोघरी वाचली गेली, कारण प्रचार नको असेल तर तो बाजूला सारून नुसते साहित्य वाचण्याची मुभा वाचकाला होती.

अलीकडच्या मोहिमांत ही मुभाच आक्रसली आहे. दियागिलेव यांच्या पॅरिसमधील प्रयोगांचे नाव उसने घेऊन ‘रशियन सीझन्स’ हा सरकारी उपक्रम २०१७ मध्ये जपानात आणि पुढे इटली व जर्मनीत झाला. कार्यक्रम दर्जेदार असतीलही. पण कला देशाच्या प्रतिमेला इतकी घट्ट बांधली की त्या प्रतिमेला तडा गेल्यावर किंमत कलावंताला मोजावी लागते. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण होताच लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसने मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेचे उन्हाळी प्रयोग रद्द केले, ते याच न्यायाने.

आपल्या वृत्तपत्राकडून अपेक्षा एवढीच की, मुंबईत पेडर रोडवरील रशियन केंद्राचा असो वा अन्य कोणत्याही देशाचा, सांस्कृतिक कार्यक्रमाचे निवेदन छापताना त्याचा खर्च कोण करते हे एका ओळीत सांगावे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आपल्या समीक्षकाचा लेख द्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे