हंबकर राउटिंग सेटमधलं बिट आणि टेम्प्लेट एकमेकांना जुळत नाही : तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गिटारच्या बॉडीत हंबकर पिकअप (तारांची कंपनं पकडणारा दोन कॉइलचा भाग) बसवायला राउटरने खड्डा कोरण्याचा आपला सेट (६ मिमी ॲक्रिलिकचं टेम्प्लेट, म्हणजे खड्ड्याच्या आकाराचा साचा, वरती बेअरिंग असलेलं चार सुताचं, म्हणजे अर्ध्या इंचाचं सरळ बिट आणि माहितीपत्रक) आम्ही शिवणीच्या टाकाऊ फळीवर तपासून पाहिला. टेम्प्लेट उत्तम आहे. कडा गुळगुळीत, मधली रेघ बरोबर मध्यावर. तक्रार बिटाची आहे, आणि ते या टेम्प्लेटसोबत विकण्याची.

बिटाची धार २५ मिमी लांब आहे, आणि तिच्यावरचं बेअरिंग टेम्प्लेटच्या कडेला टेकून फिरलं तरच धार आकारात राहते. आपलं पत्रक सांगतं की खड्डा १८ मिमी खोल करा, सहा-सहा मिमीच्या तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत बिट ६ मिमी उतरतं तेव्हा बेअरिंग लाकडापासून १९ मिमी वर असतं, आणि टेम्प्लेट तर ६ मिमीवरच संपतं. टेम्प्लेटला टेकते ती नुसती धार, आणि ती टेम्प्लेटच खाते. तिसऱ्या फेरीतसुद्धा बेअरिंग टेम्प्लेटच्या १ मिमी वरच राहतं. पत्रकाबरहुकूम काम केलं तर बेअरिंग टेम्प्लेटला एकदाही लागत नाही. हा हिशेब सेट बनवणाऱ्याने कागदावर केला असता तरी कळलं असतं.

टेम्प्लेटखाली १८ मिमीचं एमडीएफ त्याच आकारात कापून जोडलं, तेव्हा बेअरिंग लागलं. पण मग दुसरी अडचण. पूर्ण खोलीला जायचं तर बिट कोलेटमधून (राउटरच्या बिट पकडणाऱ्या चिमट्यातून) इतकं बाहेर काढावं लागतं की आत जेमतेम १० मिमी शँक (बिटाची दांडी) उरते. पाव इंची शँक निदान २० मिमी तरी आत हवी, नाहीतर बिट सरकतं. म्हणून पहिल्या फेरीवरच थांबलो.

तेवढ्यातही दोन दोष दिसले. खड्डा टेम्प्लेटपेक्षा लांबीत आणि रुंदीत ०.७ मिमी मोठा आला. व्हर्नियर लावला तर धारेचा व्यास १२.७ मिमी आणि बेअरिंगचा १२ मिमी. धार इंचाच्या मापाची आणि बेअरिंग मिलिमीटरचं, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.३५ मिमी जास्त. पिकअपला रिंग (भोवतालची चौकट) असेल किंवा वर पिकगार्ड (बॉडीवरचं पातळ झाकण) असेल तर हे झाकून जातं. पिकअप थेट बॉडीत बसवायचा असेल तर ती फट उघडी पडते आणि ती भरून काढता येत नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर. बेअरिंग जागी धरणाऱ्या वरच्या कॉलरचा (कड्याचा) ॲलन स्क्रू घट्ट आवळूनही फेरी चालू असताना ढिला झाला. बेअरिंग शँकवर वर चढलं आणि धार टेम्प्लेटच्या बाजूला पावणेतीन मिमी घुसली. एमडीएफच्या कडेला अर्धगोल घास पडला, ॲक्रिलिकची खालची कडही गेली. स्क्रू काढून पाहिला तर शँकवर त्याच्या टोकासाठी सपाट जागाच घासलेली नाही. गोल, चकचकीत शँकवर स्क्रू धरणार कसा? तयार बॉडीवर असं झालं असतं तर बॉडी वाया गेली असती.

(कोपरे गोल राहतात आणि पटाशीने काढावे लागतात, ही तक्रार नाही. चार सुताच्या बिटाने ते तसेच येणार.)

आमची मागणी अशी. सेटची पूर्ण किंमत व येण्या-जाण्याचा कुरिअर खर्च परत द्यावा. या बिटासह सेटची विक्री थांबवावी. त्याऐवजी तीन सुताचं, १० मिमी लांब धारेचं, तीन सुताच्याच बेअरिंगचं बिट आणि १२ मिमी जाडीचं टेम्प्लेट द्यावं. म्हणजे बेअरिंग पहिल्या फेरीपासून टेकेल. पत्रक दुरुस्त करून मराठी आणि कन्नडमध्येही छापावं. आमच्या भागात राउटर हातात धरणारी खानापूरची मुलं मराठी वाचतात, बैलहोंगलची कन्नड. इंग्रजी पत्रक दोघेही बाजूला ठेवतात.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर 'वापरणाऱ्याची चूक' असं सांगितलं. सोबत बिलाची प्रत, व्हर्नियरच्या मापांचे फोटो आणि खराब झालेल्या टेम्प्लेटचे फोटो जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो तिथेच ती करता येते.

कळावे,

गिटार निर्मिती व दुरुस्ती वर्कशॉप,
उद्यमबाग, बेळगाव