पांघरुणं उन्हात टाकलीस का?

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "दहा दिवस सुट्टी आहे बाबा, निवांत आहे अगदी. घरात काही लागलं तर ती सांगते, मी करतो." तू बोलत होतास तेव्हा मागे धाकटा रडत होता आणि सूनबाई छोटीला मोजे घालायला सांगत होती, बहुतेक तिसऱ्यांदा. फोन ठेवला, पण तुझं ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. लागलं तर ती सांगते. मी पंधरा वर्षं हेच म्हणत होतो, आणि चांगल्या मनानं म्हणत होतो. फोनवर हे सगळं बोलणं मला जमलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

तू नववीत असतानाची हिवाळ्याची सुट्टी आठवते? आईचं उजवं मनगट मोडलं होतं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर होतं. शाळा बंद, माझं ऑफिस बंद, आजी आपल्याकडे. मला कामाची भीती नव्हती. भांडी, केरवारे, स्वयंपाक, सगळं करायची तयारी होती. आईला म्हटलं, तू एका जागी बस आणि फक्त सांगत जा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "सांगून सांगून दमले मी." हात गळ्यात बांधलेला, सकाळपासून खुर्चीतून उठलेली नाही, आणि दमली म्हणते. खरं सांगतो, मला राग आला. एवढं राबतोय मी आणि दमली ही!

माझा राग उतरवला तो कपड्यांनी. थंडीत सगळे दिवसभर घरात, अंगावर जाड कपडे, एकेकाचे दोन-दोन थर, आणि ऊन जेमतेम चार तास. मी रात्री मशीन लावलं, सगळे कपडे आतल्या खोलीत दाटीनं वाळत घातले आणि ऊब जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या. सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ, कपडे तसेच ओले आणि खोलीभर कुबट वास. आठ दिवसांत कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागले.

मशीननं पिळून काढल्यावरही भरगच्च कपड्यांत दोनेक लिटर पाणी उरतं. ते कुठेतरी जाणारच. बंद खोलीत ते हवेत मिसळतं आणि घरातली सगळ्यांत गार जागा गाठून तिथे पुन्हा पाणी होतं. खिडकीची काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटाची पाठ. बुरशीला तेवढंच हवं असतं. त्यावर उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या. थंड हवेत मुळात बाष्प कमी मावतं, त्यामुळे बाहेरची हवा घरात येऊन तापली की कोरडी होते आणि ओलावा शोषून घेते. भिंती काही दहा मिनिटांत गार होत नाहीत, म्हणून खिडक्या लावल्यावर ऊब लगेच परत येते.

आईला हे माहीत होतं. त्याहीपुढे, मशीन सकाळी कधी लावायचं हे ती रोज उन्हाकडे बघून ठरवायची. सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा, पण सूर्योदय त्यानंतरही जानेवारीपर्यंत उशिराच होत जातो. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूनं. त्यामुळे ऐन सुट्टीत सकाळ पुढे सरकते आणि त्याबरोबर कपड्यांची वेळही. जाड कपडे आधी, खिडकीजवळ, मध्ये हातभर जागा सोडून. पातळ कपडे आतल्या बाजूला. तुझा एकुलता एक जाड स्वेटर अशा दिवशी धुवायचा की दुसऱ्या दिवशी तुला बाहेर जायचं नसेल. हा हिशेब तिच्या डोक्यात अखंड चालू असे आणि मी त्यातलं एकेक वाक्य तिच्याकडून काढून घेत होतो.

आजीची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. पाचव्या दिवशी सकाळी खाटेवरून उठताना तिला भोवळ आली. भिंतीला धरलं म्हणून वाचली. थंडीत तहान कमी लागते, वय झालं की आणखी कमी. त्यात उठून पाणी घ्यायचा तिला कंटाळा. आई येता-जाता तिच्या हातात कोमट पाण्याचा पेला द्यायची, दिवसातून सात-आठ वेळा. कुणाच्या लक्षातही येत नसे, माझ्या तर नाहीच. ते काम आहे हे आईलाही सुचलं नव्हतं, म्हणून तिनं मला सांगितलं नाही. आणि मी सांगितलेली सगळी कामं करत होतो, म्हणून आजीला चार दिवस पाणी दिलं नाही.

त्या रात्री मी आईला म्हटलं की आजपासून मला काही सांगू नकोस. पांघरुणं माझी, गरम पाणी माझं, खिडक्या-कपडे माझे, आजी माझी. माझी म्हणजे आठवणीसकट माझी. चुकलो तर मी निस्तरीन. पहिला आठवडा तिला ते फार जड गेलं. ती बोलायला तोंड उघडायची आणि गप्प व्हायची. नंतर एका दुपारी ती गाढ झोपली. लग्नानंतर इतक्या वर्षांत भर दुपारी अशी झोपलेली मी तिला पाहिली नव्हती.

म्हणून तुला सांगतो, "सांग, काय करू?" असं विचारू नकोस. विचारलंस की बघणं, आठवणं, ठरवणं तिच्याकडेच राहतं आणि तुझ्याकडे नुसते हात येतात. तीन-चार गोष्टी पूर्ण तुझ्या करून टाक. कोणत्या ते तू ठरव, पण गरम पाण्याचं काम घेच, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. उलट कधीही नाही. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं आणि मुलांची कातडी आपल्यापेक्षा पातळ. घरात गॅसवर चालणारा गिझर किंवा हीटर असेल तर त्या खोलीत बाहेरची हवा येत राहिलीच पाहिजे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं की माणसाला वाटतं थंडी बाधली, आणि तो तिथेच बसून राहतो. असं कुणाला वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढ, बाकीचं मग. धूर बाहेर नेणारा पाइप दरवर्षी तपासून घे. हे तू मला वचन म्हणून दे.

धाकटा वर्षाचा होईपर्यंत त्याच्या अंथरुणात सैल पांघरूण किंवा उशी ठेवू नका. थंडी वाटली तर अंगावर कपड्याचा एक थर वाढवा, डोकं मात्र झोपेत उघडं असू दे. त्याचे हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस. मानेमागे किंवा छातीला हात लावून बघ, तिथे ऊब असली की झालं.

पांघरुणांचं काम मला सगळ्यांत आवडतं. रजईत ऊब असते ती कापसाची नव्हे, कापसात अडकलेल्या हवेची. रात्रभर आपल्या घामाचा, श्वासाचा ओलावा तिच्यात मुरतो, कापूस बसतो, हवा निघून जाते आणि तीच रजई आठवड्यात थंड वाटू लागते. दोन-तीन तास कडक उन्हात टाक, मध्ये एकदा उलटी कर, हलकेच झटक. संध्याकाळी ती फुगून येते. त्यात पहिल्यांदा शिरताना जो वास येतो तो तुला लहानपणी फार आवडायचा. तोंडावरून ओढून घ्यायचास.

आणि छोटीनं मला फोनवर विचारलं होतं, सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडली का. तिला सांग, उलट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च घे. सरळ धरलीस तर जमिनीवर लहान, झगझगीत गोल पडेल. तिरकी केलीस की तोच उजेड लांब पसरतो आणि फिका होतो. हिवाळ्यात आपल्यावर ऊन असं तिरकं पडतं. ती शंभर वेळा करायला लावेल. लावू दे. तेवढा वेळ सूनबाईला घरात कुणी हाक मारणार नाही असं बघ.

आज इथे थंडी एकदम वाढली. रात्री आई दारात येऊन म्हणाली, "अहो, ती जाड रजई कुठे ठेवलीत?" इतकी वर्षं झाली, तिला खरंच माहीत नसतं. मी उठून काढून दिली. कालच ऊन दाखवलं होतं.

मुलांना गोड पापा. सूनबाईला आशीर्वाद.

तुझे
बाबा