‘पडद्यामागे जागा किती?’ या प्रश्नाबद्दल आभार

प्रोजेक्टरवाल्या दादांस,
स. न. वि. वि.

गणपतीच्या देखाव्याला मागून चित्र टाकायचं, तर पडदा कोणता घ्यावा, असं आम्ही विचारलं. तुम्ही उलट विचारलंत, ‘पडद्यामागे जागा किती?’ आधी त्या प्रश्नाचे आभार.

जागा 9 फूट. 10 फूट रुंद चित्राला 1.5 थ्रो रेशोचा (म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा) साधा प्रोजेक्टर 15 फूट मागतो, म्हणजे तो वडापावच्या गाडीवर ठेवावा लागला असता. 0.8 चा 8 फुटांत बसतो. उरलेल्या फुटात त्याचं धूड आणि गरम हवा. 0.5 चा नको म्हणालात, तेही पटलं. इतक्या जवळून कडांवर झोत फार तिरका पडतो, बराचसा तसाच बाहेर निघतो आणि समोरच्याला कोपरे काळवंडलेले दिसतात. आरसा लावून अंतर वाचतं खरं, पण घरगुती आरशाचा चंदेरी थर काचेमागे असतो. पुढची काचही थोडं चित्र परत फेकते, म्हणून अक्षरं दुहेरी दिसतात.

मग मांजरपाट. स्वस्त म्हणून आमचा जीव त्यातच अडकला होता. तुम्ही त्यामागे मोबाइलचा टॉर्च धरलात: विणीच्या भोकांतून दिवा लख्ख दिसत होता. करड्या रिअर फिल्मच्या (मागून चित्र टाकायच्या पडद्याच्या) तुकड्यामागे तोच टॉर्च नुसता धूसर गोळा झाला. डोळा, पडदा आणि लेन्स एका रेषेत आले की प्रोजेक्टरचा दिवाही असाच चित्राच्या मध्यात तळपतो. म्हणून प्रोजेक्टर जमिनीलगत ठेवायचा. वर चढणाऱ्या झोताचा तीव्र भाग लोकांच्या डोक्यांवरून जातो. करडा रंग मूर्तीवरच्या फोकसचा सांडलेला उजेड गिळतो. पांढऱ्यावर काळं राखाडी होतं. फिल्मची चकचकीत बाजू लोकांकडे ठेवली तर माळेतला एकेक बल्ब तिच्यात उमटतो.

बांधणी तुमच्याच क्रमाने केली. फिल्म घडी न घालता पाइपावर गुंडाळून आणली, कारण पडलेली घडी चित्रात रेघ होऊन बसते. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने सारखे केले. दर 6 इंचांवर आयलेट (कडी बसवलेली भोकं) आणि त्यांतून इलॅस्टिक दोरी. दिव्यांच्या उष्णतेने फिल्म सैलावते, साधी सुतळी ते झोल ओढून घेत नाही. ताण आधी चारी बाजूंच्या मध्यात, कोपरे शेवटी. उलट केलं की कोपऱ्यांतून तिरक्या सुरकुत्या पडतात. मागे वरपासून खालपर्यंत काळं कापड, पण प्रोजेक्टरच्या पंख्यासमोर वीतभर मोकळं. मेनूत ‘रिअर’ निवडलं नाही तर ‘मोरया’ आरशातल्यासारखा उलटा दिसतो. आणि कीस्टोनला (वाकडं चित्र सरळ करायच्या मेनूतल्या सोयीला) हात नाही: तो चित्र आकसून सरळ करतो, बारीक अक्षरं फिसकटतात. प्रोजेक्टरखाली लाकडी पाचरी सरकवून लेव्हल साधली.

नमुन्याचा तो फूटभर तुकडा आमच्याकडेच राहिलाय. विसर्जन झालं की दुकानावर आणून देतो, प्रसादासकट.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते